गाडी बघूक इतक्या लांब?

स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडे फिलिसूर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या स्टेशनात उतरून रानातल्या पायवाटेने चालत गेलं की लांडवासर नदीवरचा रेल्वेपूल समोर येतो. चुनखडीच्या दगडाचा, सहा कमानींचा, १९०२ साली बांधून झालेला. उंची ६५ मीटर, लांबी १३६ मीटर. पूल वळत वळत जातो आणि समोरच्या उभ्या कड्यातल्या बोगद्यात थेट शिरतो. त्यावरून जाणारी तांबडी गाडी पाहण्यासाठी माणसं जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलियाहून येतात, झाडीत कॅमेरे लावून बसतात आणि गाडी गेली की पुढच्या गाडीसाठी थांबतात. २००८ पासून हा सगळा अल्बुला-बर्निना मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

आता आपल्याकडे या. रत्नागिरीजवळ पानवल नदीवर कोकण रेल्वेचा पूल आहे. उंची ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर. म्हणजे उंचीला मीटरभर कमी आणि लांबीला तिप्पट. लांडवासरचे खांब दरीत परांची न बांधता चढवले होते. पानवलला पुलाचा वरचा काँक्रीटचा भाग एका काठावर ओतायचा आणि जॅकने टप्प्याटप्प्याने दरीवर पुढे सरकवायचा, ही पद्धत वापरली गेली. भारतात ती तोवर कुणी वापरलेली नव्हती. दोन पुलांच्या मध्ये नव्वदेक वर्षं आहेत, पण दरीने घातलेलं कोडं एकच होतं. आपली मांडवी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेस हा पूल काही सेकंदांत ओलांडते आणि डब्यातल्या बऱ्याच जणांना तो आल्याचं कळतही नाही. तिथे लोकांनी थांबून पाहावं अशी नीट जागा आणि चार ओळींची माहिती असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

केवळ रेल्वे पाहायला परदेशी जायचं म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी बघूक इतक्या लांब कित्याक जावचा?" प्रश्न खरा आहे. गाडी कुडाळला दिसते, आमच्या पिंगुळी गावाहून स्टेशन हाकेच्या अंतरावर. मग त्यासाठी व्हिसा, विमान आणि एवढा खर्च कशाला? माझं म्हणणं असं की हा प्रवास सगळ्यात जास्त फळतो तो कोकणातल्या माणसाला. कारण रेल्वे म्हणजे एखाद्या देशाने आपल्या डोंगराशी, पावसाशी आणि वेळेशी केलेला व्यवहार असतो, आणि असा व्यवहार होताना आपण डोळ्यांनी पाहिला आहे.

उरलेल्या देशात रेल्वे आजोबा-पणजोबांच्या काळातली. आपल्याकडे ती आमच्या हयातीत आली. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते, अ. ब. वालावलकर यांनी वर्षानुवर्षं ती मागितली. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. डिसेंबर १९९६ मध्ये गाडी सावंतवाडीपर्यंत पोचली, म्हणजे आमच्या कुडाळलाही. अख्खा मार्ग सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडलं, कारण पेडण्याचा बोगदा. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण आत पाण्याने भिजलेली मऊ माती. खणावं तर वरून कोसळे. सह्याद्रीच्या काळ्या दगडातला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा झाला आणि हा छोटा अडून बसला. चांगला दगड कठीण असला तरी उभा राहतो, माती मात्र अंगावर येते, हे कोकणातल्या पोराटोरांना तेव्हा कळलं. तो बोगदा अजूनही विसरू देत नाही. जुलै २०२४ मध्ये त्यात चिखल-पाणी शिरून गाड्या अडकल्या होत्या.

हे ज्याने पाहिलंय त्याला ग्लेशियर एक्स्प्रेसच्या जाहिरातीतले आकडे नुसते आकडे वाटणार नाहीत. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ या प्रवासात ९१ बोगदे आहेत. कोकण रेल्वेचेही बोगदे ९१. पण ती गाडी मीटर गेजची, काही टप्प्यांवर दातेरी रुळाचा आधार घेत चढणारी, सावकाश जाणारी. तिचे बहुतेक बोगदे लहान आणि वळणं घट्ट. आपल्या मार्गाचा कमाल चढ १५० मीटरला एक मीटर, वळणं मोठी आणि आखणी ताशी १६० किलोमीटर वेगाची. बर्निना मार्गावर दातेरी रुळाशिवाय साधी गाडी चौदा मीटरला एक मीटर चढते. भोर घाटात १८६३ साली सुरू झालेली चढण ३७ ला एक आहे आणि तिथे अजून मागून बँकर इंजिन लावावं लागतं. कर्जतला मागून बसलेला तो हलका धक्का ज्याला आठवतो, त्याला चौदाला एक म्हणजे काय ते पोटात कळेल.

आणखी एक गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही. एकेरी मार्ग. रोहा ते वीर सोडलं तर आपली लाइन आजही एकेरी आहे. क्रॉसिंगला गाडी थांबली, खिडकीतून चहा मागवला, समोरून गाडी गेली, तरी आपली हलेना, मग कळतं अजून एक यायची आहे, हे सगळं आपल्या अंगवळणी आहे. तांबड्या गाड्यांची ती स्विस रेल्वेही बहुतांश एकेरी मार्गाची आहे. तिथे क्रॉसिंग कुठे, किती वाजता, हे मिनिटाला बांधलेलं असतं. स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याचं वेळापत्रक लागू केलं. मोठ्या स्टेशनांत सगळ्या दिशांच्या गाड्या साधारण एकाच वेळी येतात, माणसं फलाट बदलतात आणि गाड्या पुन्हा सुटतात. हे साधायचं तर मधल्या कुठल्या स्टेशनात लूप हवा, कुठला बोगदा रुंद करायचा, कुठे दोन मिनिटं वाचवायची, हे सगळं वेळापत्रकावरून ठरतं. म्हणजे आधी वेळापत्रक आणि त्याच्या गरजेने बांधकाम. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर तिथल्या एखाद्या मधल्या स्टेशनात तासभर बसावं. कुडाळला क्रॉसिंगची वाट पाहिलेल्या माणसाला तो तास कुठल्याही बर्फाच्या डोंगरापेक्षा जास्त सांगून जाईल.

उलट दिशेने येणारी माणसंही खूप होती, आणि ती महाराष्ट्रात येत होती. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेच्या इंजिनाची शेवटची प्रवासी गाडी चालवली. त्यानंतर तिथल्या रेल्वेवेड्यांनी जग पालथं घालायला सुरुवात केली. तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका, चीन आणि भारत. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी डिसेंबर १९९५ पर्यंत चालली. विदर्भातली शकुंतला त्यांच्या खास आवडीची. यवतमाळ-मूर्तिजापूरची ही नॅरोगेज गाडी कापसासाठी काढलेली, मालकी खासगी ब्रिटिश कंपनीची आणि ती स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिलेली. तिचं मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत कामावर होतं. आपल्याला ती रडतखडत चालणारी गाडी वाटायची. त्यांना तिच्यात आपल्याच देशातून पुसला गेलेला काळ धावताना दिसायचा.

बार्शी लाइट रेल्वेची गोष्ट याहून मोठी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती १८९७ मध्ये सुरू केली. रुळांतलं अंतर अडीच फूट. त्याचा मुद्दा साधा होता. इंजिन असो, डबा असो की वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. मग हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि तरीही भरपूर माल नि माणसं नेता येतात. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांच्या गर्दीने हा हिशेब खरा करून दाखवला. १९०४ मध्ये स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे निघाली, तिचा अभियंता हाच कॅलथ्रॉप आणि तिची इंजिनं बार्शीच्या अनुभवावर बेतलेली. सोलापूरच्या माळरानावर सिद्ध झालेली कल्पना इंग्लंडच्या दरीत गेली. ती इंग्रजी लाइन कधीच बंद पडली, रुळांच्या जागी आता पायवाट आहे. बार्शीचा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ते गरजेचंच होतं. पण त्या लाइनीने जगाला काय दिलं, हे सांगणारं मोठं दालन महाराष्ट्रात असायला हवं होतं. माथेरानची गाडी अजून चालते हे भाग्यच. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने उभी राहून १९०७ मध्ये सुरू झालेली दोन फुटी लाइन आपण २००५ च्या आणि २०१९ च्या पावसानंतर पुन्हा उभी केली.

दूरच्या देशातली रेल्वे पाहायला जाणारी माणसं नुसते फोटो काढून परततात, असं ज्यांना वाटतं त्यांना फुर्काची हकीकत सांगावीशी वाटते. स्वित्झर्लंडमध्ये फुर्का खिंडीवरून जाणारी दातेरी रुळाची लाइन होती. १९४० च्या दशकात तिथे वीज आली, तेव्हा वाफेची काही इंजिनं १९४७ मध्ये व्हिएतनामला विकली गेली. तिथे फ्रेंचांनी किनाऱ्यावरून दा लात या थंड हवेच्या गावापर्यंत तशीच दातेरी लाइन बांधली होती. पुढे युद्धात ती बंद पडली, रूळ उखडले गेले. इकडे १९८२ मध्ये फुर्काखालून पंधरा किलोमीटरचा नवा बोगदा झाला आणि खिंडीवरची जुनी लाइनही सोडून दिली गेली. तेव्हा तिथल्या रेल्वेप्रेमींनी संस्था काढली आणि जुनी लाइन सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायला घेतली. लाइन होती, इंजिनं नव्हती. मग त्यांनी दा लातमध्ये रानात गंजत पडलेली आपली जुनी इंजिनं शोधली आणि १९९० मध्ये ती घाटातून उतरवून जहाजाने स्वित्झर्लंडला परत नेली. २०१० मध्ये अख्खा मार्ग पुन्हा सुरू झाला. आज ती उन्हाळ्यात धावते आणि ती चालवणारे बरेचसे स्वयंसेवक आहेत.

याच मार्गावर श्टेफेनबाख नावाचा ओढा आहे. त्यावरून दर हिवाळ्यात हिमकडे घसरतात आणि पूल वाहून नेतात. म्हणून १९२५ मध्ये तिथे घडीचा पूल बांधला. शरदात तो तीन तुकड्यांत दुमडून दोन्ही काठांना बांधून ठेवायचा, वसंतात पुन्हा उलगडायचा. जवळपास शंभर वर्षं हे चाललंय. जूनच्या सुमाराला पावसाळी वेळापत्रक लागलं की आपल्या गाड्यांचा वेग उतरतो, अतिवृष्टीत तो ताशी चाळीसवर येतो, आणि मुंबईला पोचायला उशीर होतो म्हणून आपण कुरकुरतो. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडींनी जे अपघात घडवले, त्यानंतर ही शिस्त आली. घडीचा पूल पाहिला की पावसाळी वेळापत्रकाकडे बघायची नजर बदलते. निसर्गापुढे वर्षातून काही महिने मागे सरायचं, हे जगातल्या उत्तम रेल्वेंनीही मान्य केलेलं आहे.

पिंगुळीत राहणाऱ्याला हे आकर्षण समजायला दुसरंही एक दार आहे. इथल्या गुढीपूरला चित्रकथी पाहायला परदेशातून माणसं येतात. चित्रकथीची जुनी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत, पुस्तकांत छापलेली आहेत, मोबाइलवर दिसतात. तरी माणसं ठाकर आदिवासी कला आंगणाच्या ओसरीवर येऊन बसतात, कारण पोथीतलं एकेक चित्र उचलून पुढे धरणारा हात, हुडुक आणि टाळ आणि कथा गाणारा आवाज हे सगळं एकत्र असतं तेव्हाच चित्रकथी होते. चित्रकथीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गावाला जो अभिमान वाटला, तो या चालत्या परंपरेचा होता. इंजिनाचंही असंच आहे. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात रंगवून ठेवलेलं इंजिन सुंदर दिसतं. पण निलगिरीच्या दातेरी चढावर बारा मीटरला एक मीटर चढताना वाफेच्या इंजिनाचा जो आवाज येतो, तो तिथे जाऊनच ऐकावा लागतो. त्या लाइनची दातेरी पद्धत रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची आणि जुनी इंजिनं विंटरथूरच्या कारखान्यात घडलेली.

आणि या आवाजामागे माणूस असतो. जपानमध्ये बुलेट ट्रेन १ ऑक्टोबर १९६४ पासून धावते आहे. तिचा वेग पाहायला गर्दी होते, पण मला तिथल्या साध्या लोकलच्या चालकाचं काम जास्त ओढून घेतं. त्याच्या केबिनच्या मागे काच असते आणि प्रवाशाला तिथे उभं राहून पाहता येतं. सिग्नल दिसला की पांढऱ्या हातमोज्यातलं बोट त्याच्याकडे रोखायचं आणि सिग्नलची स्थिती मोठ्याने म्हणायची. घड्याळाकडे बोट, वेळ उच्चारायची. वेगमर्यादेच्या पाटीकडे बोट, आकडा म्हणायचा. केबिनमध्ये तो एकटाच असतो, तरी म्हणतो. डोळा, हात, जीभ आणि कान एकाच गोष्टीवर आले की चुका घटतात, म्हणून ही सवय. आपले लोको पायलट आणि सहायकही सिग्नल एकमेकांना असाच मोठ्याने सांगतात. कुडाळच्या फलाटावर उभं राहून इंजिनाच्या खिडकीकडे पाहिलं तर सहायकाचा उचललेला हात कधीतरी दिसतो. पावसाळ्यात रात्री दिवा, झेंडे आणि रुळावर ठेवायचे फटाके घेऊन कटिंगच्या कडेने चालणारा गस्तीचा ट्रॅकमन मात्र गाडीतून कुणाला दिसत नाही. त्याचं काम ज्याला माहीत आहे, तो परदेशातल्या रुळावरही अशी माणसं शोधतो.

आपल्याकडून स्वित्झर्लंडला जाणारे थोडे नाहीत. सहलीच्या कंपन्या मराठी माणसांना युंगफ्राउयोखला नेतात, ३,४५४ मीटरवरच्या स्टेशनात उतरवतात, बर्फात खेळवतात, आणि जेवणाला बटाट्याची भाजी देतात. ती रेल्वे सोळा वर्षं खपून डोंगराच्या पोटातून १९१२ मध्ये वर पोचली, हे बसमध्ये माइकवरून एका वाक्यात उरकलं जातं. एवढा खर्च केलाच आहे तर एक दिवस गटातून सुटून साध्या प्रादेशिक गाडीत बसावं, मधल्या स्टेशनात उतरावं, पुढची पकडावी. जपानचा परदेशी प्रवाशांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ पासून फार महागला आहे, पण ठरावीक भागापुरते पास अजून परवडतात आणि हळू गाड्या पाहायला तेच बरे.

तरी कोकणातल्या कुणी मला विचारलं की पहिल्यांदा कुठे जावं, तर मी श्रीलंका सांगेन. मुंबईहून कोलंबोचं विमान अडीच-तीन तासांचं. तिथली रेल्वे आपल्याच ब्रॉडगेजची, १,६७६ मिलिमीटर, डबे आणि इंजिनंही बरीच भारतात बनलेली. पण डोंगराला दिलेलं उत्तर अगदी उलट. आपण बोगदे आणि पूल घालून मार्ग सरळ ठेवला. त्यांनी डोंगराची प्रत्येक कड धरून, वळण शंभर मीटर त्रिज्येइतकं घट्ट करून, ४४ ला एक चढत रूळ १,८९८ मीटरवर नेला. ब्रॉडगेज इतक्या घट्ट वळणातून जाताना चाकांची जी कुरकुर होते, ती कोकण रेल्वेवर तुम्ही कधी ऐकलेली नसते. कोलंबो-कँडी मार्ग १८६७ चा, बदुल्लाला रूळ १९२४ मध्ये पोचले. देमोदरा इथे उंची कमी करायला जागा नव्हती, म्हणून लाइन टेकडीला वळसा घालून स्वतःच्याच खालून, स्टेशनाच्या पोटातल्या बोगद्यातून जाते. वर स्टेशनात उभी असलेली गाडी थोड्या वेळाने पायाखालून बाहेर पडताना दिसते.

त्या डोंगरी टप्प्यावर टॅबलेटची पद्धत अजून पाहायला मिळते. पितळी चकती चामड्याच्या थैलीत, थैली मोठ्या कड्याला. ती हातात असल्याशिवाय चालकाने पुढच्या एकेरी टप्प्यात शिरायचं नाही. दोन स्टेशनांतली यंत्रं तारेने जोडलेली असतात आणि एका वेळी एकच चकती बाहेर येते, म्हणून समोरासमोर दोन गाड्या येऊच शकत नाहीत. आपल्याकडे हे काम आता बटणं आणि दिवे करतात. तिथे ते स्टेशनमास्तरच्या हातून चालकाच्या हातात जाताना दिसतं. नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळात दरडी कोसळून या मार्गाचं मोठं नुकसान झालं. त्यामुळे निघण्यापूर्वी कुठला टप्पा सुरू आहे ते नीट विचारून घ्यावं, आरक्षित डब्याऐवजी दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढावं आणि नानु ओया स्टेशनाच्या पुढे प्रत्येक स्टेशन आलं की टॅबलेटची देवघेव पाहायला इंजिनाच्या बाजूच्या दारात उभं राहावं.